‘दोघं मिळून’ या रकान्यामागे

स्त्री-पुरुष समानतेच्या कामाचं मूल्यमापन करायला गावात कोणीही येवो, सरकारी माणूस असो की परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती, एक प्रश्न ठरलेला असतो. घरातले निर्णय कोण घेतं? दवाखान्यात कधी जायचं, मोठी खरेदी काय करायची, माहेरी जायचं की नाही. उत्तराचे रकाने छापलेलेच असतात: मी स्वतः, नवरा, दोघं मिळून, घरातलं दुसरं कोणी. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वीसेक वर्षं मी असे फॉर्म भरले आणि इतरांकडून भरून घेतले. सर्वांत जास्त खुणा तिसऱ्या रकान्यात पडल्या. हा रकाना आला कुठून आणि त्यातल्या खुणेचा अर्थ पुढे काय लावला जातो, हे माहीत असल्याशिवाय या भागातल्या बायकांवरचे अहवाल नीट वाचता येत नाहीत.

जुना काळ थोडक्यात सांगते. १९७४ साली देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा समितीचा अहवाल आला. जनगणनेचा जो आकडा तेव्हा सगळ्यांना टोचला तो असा: १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३०. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत पहिली जागतिक महिला परिषद भरली, मग महिला दशक आलं आणि विकास प्रकल्पांच्या कागदांवर ‘लाभार्थी महिला’ असा रकाना पडला. शिलाई मशीन किती वाटली, रात्रीच्या वर्गाला किती जणी बसल्या, एवढंच त्यात मावायचं. त्याच सुमारास अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी तयार झालेली तार्किक चौकट, जिला आमच्याकडे सगळे लॉगफ्रेमच म्हणतात, जगभर पसरली. उद्दिष्ट, निष्पत्ती, निर्देशक, पुरावा. निर्देशकात बसेल तेवढंच काम मानायचं, ही सवय तेव्हाची.

निपाणीत त्या वर्षांत जे चाललं होतं ते या चौकटीच्या पूर्ण बाहेरचं होतं. तंबाखूच्या वखारींत धूळ नाकातोंडात घेत राबणाऱ्या बायका आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका १९८० च्या आगेमागे संघटित झाल्या, मजुरीसाठी आणि कामाच्या तासांसाठी संपावर गेल्या. त्यांच्यात यल्लमाला सोडलेल्या देवदासीही होत्या. विडी कामगारांसाठीचा कायदा १९६६ चा, पण तो आपल्याला लागू आहे हे त्यांना मोर्चात उतरल्यावर कळलं. त्या लढ्याआधीची पाहणी, म्हणजे बेसलाईन, कोणी केली नाही, नंतरची एंडलाईनही नाही. कोणाला निधीचा हिशेब द्यायचा नव्हता, म्हणून मोजणी झाली नाही. सीमाभागातल्या बायकांच्या आयुष्यातला एवढा मोठा बदल मूल्यमापनाच्या दप्तरात कुठेच नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

१९८९ च्या सुमारास कर्नाटक, गुजरात आणि उत्तर प्रदेशात डच मदतीवर महिला समाख्या हा बायकांच्या शिक्षणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. शेजारचा विजापूर जिल्हा पहिल्याच खेपेत होता. तिथं लक्ष्यांक नव्हते. संघातल्या बायका ठरवतील तो वेग आणि त्या म्हणतील ते काम, असा नियम होता. तपासायला येणाऱ्यांना हे जड जायचं, कारण आकडे मागितले तर हातात गोष्टी मिळायच्या: अमक्या गावात दारूचं दुकान हटवलं, तमक्या गावात पोरगी शाळेत परत गेली. मी त्या कामात नव्हते. पण नंतर आम्हाला शिकवायला आलेल्या दोघीतिघी त्यातूनच आल्या होत्या आणि ‘आधी ऐक, मग लिही’ हे त्यांनी आमच्यात मुरवलं.

१९९५ ची बीजिंग परिषद आणि तिथून पुढे प्रत्येक खात्याच्या प्रत्येक कामात समानतेचा विचार मुरवण्याचं धोरण, हे वाचकांना ठाऊक आहेच. मोजणीच्या दृष्टीनं १९९९ महत्त्वाचं. त्या वर्षी एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी सक्षमीकरण मोजायचं तर तीन गोष्टी एकत्र पाहा, असं मांडलं: हाताशी असलेली साधनं, निवड करण्याची ताकद आणि त्यातून हाती आलेलं फळ. तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय एकीचाही अर्थ लागत नाही, हा त्या मांडणीचा गाभा होता. प्रत्यक्ष फॉर्मात मात्र मधली गोष्ट तेवढी उतरली, तीही ‘निर्णय कोण घेतं’ एवढ्याच रूपात. आपल्याकडे १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रश्न आले. काय शिजवायचं, दागिना घ्यायचा का, माहेरी जाऊन राहायचं का, हे कोण ठरवतं असं त्यात विचारलं होतं. पुढच्या पाहण्यांत प्रश्नांची यादी बदलली, पण नवऱ्याबरोबर मिळून हा पर्याय टिकला.

माझी सुरुवात या टप्प्यावर झाली. २००० साली कर्नाटकात स्त्री शक्ती योजना आली, अंगणवाडीच्या आधारानं गावोगाव संघ उभे राहिले. त्याच वर्षी सहस्रक विकास उद्दिष्टं ठरली. त्यातलं तिसरं उद्दिष्ट समानतेचं, पण त्याचे निर्देशक शाळेतल्या मुलामुलींचं प्रमाण, बिगरशेती पगारी कामातला बायकांचा वाटा आणि संसदेतल्या जागा. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या बाईला यातलं एकही आपलं वाटलं नसतं. म्हणून निधी देणाऱ्या संस्था घरातल्या निर्णयांचा प्रश्न आवर्जून घालायच्या. त्यांचा हेतू चांगला होता.

फॉर्म कन्नडमध्ये छापलेला असायचा. त्या रकान्यात लिहिलेलं असे ‘इब्बरू सेरी’. मराठी गावात गेलं की उंबऱ्यावर बसून, बाईच्या तोंडाकडे बघत, आम्ही त्याचं ‘दोघं मिळून’ करायचो. सीमाप्रश्नात मला इथं शिरायचं नाही, पण १९५६ पासून ज्या माणसांना स्वतःच्या भाषेत सरकारी कागद मिळत नाही त्यांच्या घरातली गोष्ट तोंडी भाषांतरावर मोजली जाते, आणि अहवालात त्याची एक ओळ येत नाही, हे मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘जेंडर’चीही तीच गत. पुण्यामुंबईच्या पुस्तकांत लिंगभाव, कन्नड फॉर्मात लिंगत्व. लिंगायत घरांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या बायकांना लिंग म्हटलं की गळ्यातलं इष्टलिंग आठवतं. आम्ही शेवटी ‘बाईमाणूस-बाप्यामाणूस’ म्हणायला लागलो.

पण खरा घोळ ‘मिळून’चा. कन्नडातलं सेरी काय आणि मराठीतलं मिळून काय, फॉर्म तयार करणाऱ्याच्या मनात ती बेरीज असते: अर्धा तुझा, अर्धा त्याचा. आमच्या बोलण्यात मिळून हा घराचा गुण आहे. मिळून राहणं, मिळूनमिसळून वागणं. ज्या घरात मिळून चालत नाही त्या घराची अब्रू गेली.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात एका थोरल्या जावेला मी हा प्रश्न विचारला. ती काजू फोडत होती, बोटं चिकानं काळी झाली होती.

“मिळूनच की,” ती म्हणाली.

“मागच्या वर्षी बैल विकला तो कोणी ठरवलं?”

“तेनीच. बाजारातनं आल्यावर कळलं.”

“मग हे मिळून कसं?”

तिनं कोयता खाली ठेवला. “अक्का, घरात एकमेकाला इच्यारत नाहीत म्हणून भायेरच्या माणसाला सांगूचं काय?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. माझा प्रश्न चुकला होता. तरी खूण तिसऱ्याच रकान्यात करावी लागली, कारण तिचं पहिलं उत्तर तेच होतं आणि पर्यवेक्षकांचा नियम पहिलं उत्तर लिहायचा होता.

आता या खुणेचं पुढे काय होतं ते पाहा. गुण देताना ‘मी स्वतः’ आणि ‘दोघं मिळून’ या दोन्ही उत्तरांना एक गुण, बाकीच्यांना शून्य. म्हणजे बैलाच्या त्या व्यवहारात ती बाई सहभागी ठरली. आमच्या प्रकल्पात यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, संसार दोघांचा असतो, एकटीनं ठरवणं हाच आदर्श मानणं परक्या समाजातून आलेलं आहे आणि मिळूनला गुण दिला नाही तर समजूतदार घरांवर अन्याय होईल. यात तथ्य आहे. दुसरी बाजू म्हणे, मिळूनमध्ये विचारणं, सांगणं, कळवणं आणि गप्प बसणं हे सगळं एकाच पोत्यात पडतं. मी दुसऱ्या बाजूला होते आणि आजही आहे.

कारण ‘मी स्वतः’ हा रकानाही तितकाच फसवा निघाला. आमच्या फॉर्मात विवाहितच हवी अशी अट नव्हती. सौंदत्तीच्या बाजूला देवदासी बायकांचे फॉर्म आले तेव्हा एकेकीला पैकीच्या पैकी गुण. नवरा नाही, सासरा नाही, दवाखान्यापासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं ती एकटी ठरवते. कागदावर सगळ्या जिल्ह्यात सर्वांत सक्षम तीच. जिला लहानपणी कोणी न विचारता देवीला सोडलं, जिच्यासाठी १९८२ चा बंदी कायदा करावा लागला आणि जिच्यासारख्या बायकांची नोंद राज्याच्या १९९३-९४ आणि २००७-०८ च्या पाहण्यांत मिळून शेहेचाळीस हजारांवर गेली, ती. आम्ही ते तक्ते बाजूला काढून ठेवले. अहवालात ते वेगळे दाखवावेत ही आमची मागणी मान्य झाली नाही, सरासरीत घातले गेले.

फौजीच्या बायकोचंही असंच. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आमच्या गावागावांत पलटणीतली घरं आहेत. नवरा सीमेवर, ती इथं घर, शेत, सासूचं दुखणंखुपणं सांभाळणारी. गोव्याला कामाला गेलेल्यांच्या घरीही तेच. मोबाईल आल्यावर ती सांगायला लागली, “फोनवर विचारून करते.” फोनवर विचारून केलेलं कुठल्या रकान्यात घालायचं? कोणी पहिल्या घातलं, कोणी तिसऱ्या, आणि एकाच गावाचे दोन सर्व्हे जुळेनात.

२०१२ मध्ये शेतीतल्या महिलांच्या सक्षमीकरणाचा जो निर्देशांक आला त्यात हा प्रश्न थोडा सुधारला. निर्णय कोण घेतं याच्या जोडीला, तुला वाटलं तर तू स्वतः ठरवू शकतेस असं तुला किती वाटतं, हेही विचारायला लागले. आम्ही आमच्यापुरता अजून एक प्रश्न जोडला होता: तुमचं दोघांचं मत जुळलं नाही तर कोणाचं चालतं? मिळून म्हणणाऱ्या बायका यावर हसायच्या आणि क्षणात उत्तर द्यायच्या. तो प्रश्न छापील फॉर्ममध्ये कधी आला नाही. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर त्याची उत्तरं आहेत.

२०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत पाचवं समानतेचं. त्यात जमिनीची मालकी आणि घरकामाचा वेळ हे दोन्ही आले, ही मोठी गोष्ट झाली. पण जमिनीतही मिळून शिरलंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४३.३ टक्के बायकांकडे एकटीच्या किंवा सामाईक नावावर घर वा जमीन असल्याचं दिसतं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहिवाटदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. एकात घर धरलंय, सामाईक धरलंय आणि बाईनं सांगितलं ते धरलंय, दुसऱ्यात शेत कोण कसतं-चालवतं ते. कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत १९९४ सालीच समान हक्क दिला, सगळ्या देशात तो २००५ मध्ये आला. तरी आमच्याकडे भावाच्या उताऱ्यावर बहिणीचं नाव लागलं की महिन्याभरात हक्कसोडपत्राची बोलणी सुरू होतात. सही करून आलेली बहीण सर्व्हेत सांगते, “जमीन आमची सगळ्यांची मिळून हाय.” माहेर तुटू नये म्हणून ती तसं म्हणते.

म्हणून मला वेळेच्या पाहणीवर जास्त भरवसा वाटतो. २०१९ ला पहिल्यांदा देशभर ती झाली: आदल्या पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय केलं, अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब. घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात ते करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. तेही असं काम करणारे पुरुष शंभरात सव्वीस, बायका एक्क्याऐंशी. २०२४ ला मिनिटं २८९ आणि ८८ झाली. दोघांचीही कमी झाली, अंतर जेमतेम एका मिनिटानं हललं, दोनशे दोनचं दोनशे एक. चूल कोण पेटवतं याला मिळून असं उत्तर येत नाही. मिनिटं एकाच्याच खात्यावर पडतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत मोजणीचं रूप पुन्हा पालटलंय. जून २०२३ पासून राज्याच्या बसमध्ये बायकांना शून्य तिकीट, ऑगस्टपासून गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार. पलीकडे कोल्हापूरच्या बाजूला एसटीत अर्धं तिकीट आणि २०२४ पासून दीड हजार. दोन्हीकडे प्रगती म्हणून सांगितली जाते ती किती तिकिटं फाटली आणि किती खात्यांत रक्कम पडली याची. हे लाभार्थी महिलांच्या जुन्या रकान्याकडे परत जाणं आहे. पैसे बाईच्या खात्यात थेट पडतात हे मी फार मोठं मानते, तरी.

गृहलक्ष्मीसाठी रेशनकार्डावर बाई कुटुंबप्रमुख असावी लागते. गेल्या पावसाळ्यात कडोलीच्या बाजूला एका घरी बसले होते. कार्डावर तिचं नाव, खातं तिचं. पैसे जमा झाल्याचा मेसेज मात्र नवऱ्याच्या फोनवर, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. पैशाचं कोण ठरवतं विचारल्यावर तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मिळूनच.” तो तिथंच बसला होता आणि त्यानं मान हलवली. निघताना ती पाण्याचा तांब्या घ्यायला म्हणून ओट्यापर्यंत आली, तेव्हा मी मत न जुळण्याचा प्रश्न विचारला. दोन महिन्यांमागं पोरीच्या शाळेच्या बुटांवरून जुळलं नव्हतं, असं तिनं सांगितलं, आणि बूट आलेत, उशिरा आले, पण आलेत.