युक्रेनचा नाताळ: ७ जानेवारीपासून २५ डिसेंबरपर्यंत

जुलै २०२३ मध्ये युक्रेनने कायदा करून नाताळची सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणली. ‘युक्रेनने नाताळची तारीख बदलली’ असं तेव्हा जगभर छापून आलं. पण ७ जानेवारीला नाताळ करणारी माणसंही तो २५ डिसेंबरलाच करत होती. त्यांच्या चर्चच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवशी २५ डिसेंबर असतो, इतकंच. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात, तेव्हा त्यांनी चतुर्थी बदललेली नसते. त्यांचा अधिक महिना वेगळा पडलेला असतो. इथलं प्रकरणही त्याच जातीचं आहे. म्हणून २०२३ चा निर्णय सणाविषयी कमी आणि वर्ष कोणाच्या हिशेबाने मोजायचं याविषयी जास्त होता.

चर्चचं हे जुनं कॅलेंडर म्हणजे ज्युलियन. ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं आहे. ही चूक साचत गेली आणि १५८२ साली रोमच्या पोपने १० दिवस गाळून नवी, म्हणजे आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन मोजणी लागू केली. पूर्वेकडच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चनी ती मानली नाही. १७००, १८०० आणि १९०० ही वर्षं नव्या मोजणीत लिप नव्हती, जुन्या मोजणीत होती; त्यामुळे फरक ११, १२, १३ दिवस असा वाढला. २१०० सालीही तेच होणार आहे. जुनी मोजणी धरणाऱ्यांचा नाताळ त्यानंतर ८ जानेवारीला येईल.

युक्रेनच्या पश्चिमेला, ल्विव्हच्या भागात, हा वाद अगदी सुरुवातीपासून पेटलेला होता. तेव्हा तिथे पोलंडचं राज्य होतं. १५८३ साली जुन्या कॅलेंडरप्रमाणे नाताळच्या आदल्या दिवशी ल्विव्हमधली ऑर्थोडॉक्स चर्च जबरदस्तीने बंद करून मोहोरबंद केली गेली, जेणेकरून लोकांनी नवी तारीख मुकाट्याने पत्करावी. लोकांनी ती पत्करली नाही आणि पुढे राजालाच त्यांना सूट द्यावी लागली. १५९६ नंतर इथल्या मोठ्या समाजाने पोपचं वर्चस्व मान्य केलं, तरी पूजाविधी आणि सणांची मोजणी पूर्वेकडचीच ठेवली. याच ग्रीक कॅथलिक परंपरेमुळे पुढची तीन शतकं एकाच गल्लीत दोन नाताळ होत राहिले: आधी पोलिश शेजाऱ्यांचा, मग युक्रेनियनांचा. ‘आम्ही वेगळे आहोत’ हे सांगण्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे सणाचा दिवस.

कीव्ह आणि पूर्वेकडच्या भागाची गोष्ट निराळी. झारच्या राज्यात सरकारी कॅलेंडरही ज्युलियनच असल्याने कचेरीत आणि चर्चमध्ये तारीख एकच असे. १९१८ साली राज्यकारभाराने नवी मोजणी घेतली, चर्चने घेतली नाही, आणि ‘७ जानेवारीचा नाताळ’ हे शब्द तिथे प्रथमच गरजेचे झाले. म्हणजे देशाच्या मोठ्या भागात ७ जानेवारी हे नाव जेमतेम शंभर वर्षांचं आहे. त्यामागची मोजणी मात्र हजार वर्षांची.

सोव्हिएत काळात नाताळ सार्वजनिक जीवनातून हद्दपारच झाला. सजवलेलं झाडही बंद झालं. १९३५ च्या शेवटी ते परत आलं, पण नववर्षाचं झाड म्हणून. १ जानेवारी हा मोठा सण झाला आणि नाताळ घराच्या आत गेला. पश्चिमेकडच्या गावांत कोल्यादकी, म्हणजे दारोदार गायची नाताळची गाणी, चालूच राहिली. जानेवारी १९७२ मध्ये, याच सणाच्या दिवसांत, ल्विव्ह आणि कीव्हमध्ये लेखक-कलावंतांची धरपकड झाली. नाताळची सोंगं घेऊन घरोघर गाणाऱ्यांपैकीही काही जण त्यात पकडले गेले. युक्रेनमध्ये त्या गाण्यांकडे निव्वळ लोककला म्हणून कोणी पाहत नाही, त्यामागे हेही आहे.

स्वातंत्र्यानंतर ७ जानेवारी सुट्टीचा दिवस होता. २०१७ साली २ मेची सुट्टी काढून २५ डिसेंबरची दिली गेली आणि काही वर्षं दोन्ही नाताळांना सुट्टी होती. मला विचाराल तर ही व्यवस्था सगळ्यात समंजस होती. २०१९ च्या जानेवारीत मॉस्कोपासून स्वतंत्र असलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चला इस्तंबूलच्या (जुन्या कॉन्स्टँटिनोपलच्या) ऑर्थोडॉक्स धर्मपीठाकडून मान्यता मिळाली, तरी तारखेला हात लावायचं धाडस तेव्हा कोणी केलं नाही. फेब्रुवारी २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर चित्र पालटलं. त्या वर्षाअखेरीस ज्यांना हवं त्यांनी २५ डिसेंबरला उपासना करावी अशी मुभा मिळाली. २०२३ च्या फेब्रुवारीत ग्रीक कॅथलिकांनी आणि मे महिन्यात स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्चने १ सप्टेंबरपासून नवी मोजणी घेत असल्याचं जाहीर केलं. जुलैमध्ये कायदा आला आणि ७ जानेवारीची सुट्टी गेली. मॉस्कोशी जुनं नातं असलेलं तिसरं चर्च ७ जानेवारीवरच राहिलं.

कायद्यामागचं कारण सांगताना ७ जानेवारी हा रशियाने लादलेला वारसा असल्याचं म्हटलं गेलं. मला हे पटत नाही. कीव्हने ९८८ साली ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हाच ज्युलियन मोजणी सोबत आली, आणि मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७ सालचा आहे. सर्बिया, जॉर्जिया, जेरुसलेम, ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे मठ हे सगळे आजही जुनी मोजणी धरून आहेत. त्यांच्यावर ती मॉस्कोने लादलेली नाही. ज्या तारखेने ल्विव्हच्या लोकांना पोलंडच्या राज्यात स्वतःची ओळख टिकवू दिली, तीच तारीख चारशे वर्षांनी शत्रूची ठरली. निर्णय घेण्याचा हक्क युक्रेनच्या लोकांचाच होता, आणि क्षेपणास्त्रं पडत असताना त्यांना आक्रमकांसोबत एकाच दिवशी सण नको वाटला हे कोणालाही समजेल. तेवढं कारण पुरेसं होतं. त्याला इतिहासाचा चुकीचा टेकू द्यायला नको होता.

दुसरा गुंता नावाचा. ऑर्थोडॉक्सांनी घेतलेलं कॅलेंडर ग्रेगोरियन नाही, ‘नव-ज्युलियन’ आहे. १९२३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स परिषदेत एका सर्बियन शास्त्रज्ञाने ते मांडलं. शतकाच्या वर्षाला ९०० ने भागून बाकी २०० किंवा ६०० उरली, तरच ते वर्ष लिप. पोपच्या कॅलेंडरपेक्षा हा हिशेब सूर्याच्या अधिक जवळ जातो, आणि २८०० सालापर्यंत दोन्हींच्या तारखा तंतोतंत जुळतात. मग वेगळं नाव कशाला? कारण ‘पोपचं कॅलेंडर घेतलं’ असं म्हणावं लागू नये. ग्रीस आणि रोमानियाने १९२४ मध्येच ही वाट धरली. ज्या सर्बियातून ते आलं, तिथल्या चर्चने मात्र ते आजवर घेतलेलं नाही.

घरातला सण फारसा बदललेला नाही, तो फक्त १३ दिवस अलीकडे आला. पवित्र संध्याकाळ आता ६ जानेवारीऐवजी २४ डिसेंबरला. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. टेबलावर मांस नसलेले १२ पदार्थ मांडतात, त्यात मान ‘कुत्या’ नावाच्या गोड पदार्थाचा: शिजवलेला गहू, वाटलेली खसखस आणि मध. टेबलावरच्या कापडाखाली गवत पसरतात, कोपऱ्यात धान्याची पेंढी उभी करतात, तिला दिदुख म्हणतात. त्या पेंढीत पूर्वज वस्तीला असतात अशी समजूत आहे. गेलेल्या माणसांसाठी एक ताट वेगळं वाढतात, पितरांचं पान म्हणावं तसं. अलीकडे कितीतरी घरांत ते ताट आघाडीवर गेलेल्या मुलासाठी असतं. संत निकोलसचा दिवस १९ डिसेंबरवरून ६ डिसेंबरवर आल्याने मुलांना उशीखालची भेट लवकर मिळते. मलांकाची, म्हणजे वर्ष सरतानाच्या सोंगांची रात्रही नियमाने ३१ डिसेंबरवर आली, पण नैर्ऋत्येकडच्या बुकोव्हिना भागातल्या क्रास्नोइल्स्कसारख्या गावात अस्वलांची सोंगं अजून १३ जानेवारीलाच निघतात. जुनी मोजणी ठेवायची असेल तर ठेवा, अशी सवलत ऑर्थोडॉक्स चर्चने आपल्या गावोगावच्या मंडळींना दिलेलीच आहे. मार्शल लॉमुळे सण-उत्सवांच्या सुट्ट्या स्थगित आहेत, म्हणून नव्या तारखेचा पहिला नाताळ, २५ डिसेंबर २०२३, हा सोमवार कामाचाच दिवस होता.

ईस्टरला मात्र दोन्ही चर्चनी हात लावला नाही; तो जुन्याच गणिताने येतो. २०२४ साली पाश्चात्त्य ईस्टर ३१ मार्चला होता, युक्रेनमधला ५ मेला. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले.