टोमण्यांनी मूल कणखर होत नाही
जात, भाषा, रंग किंवा वस्तीवरून हिणवले गेले की मूल कणखर होते, हा सोलापुरात पूर्वभागापासून जुळे सोलापूरपर्यंत ऐकू येणारा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील १,८३४ तरुणांचा २००७ ते २०१७ या काळात मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, महिन्यातून काही वेळा तरी भेदभाव सोसणाऱ्यांमध्ये तीव्र मानसिक त्रासाची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. पुन्हा अपमान होईल या धास्तीने शरीर सतत सावध राहते, झोप मोडते आणि अभ्यासातले लक्ष उडते. तेलुगू वळणाच्या मराठीवरून हसे झालेला मुलगा वर्गात बोलेनासा झाला, तर त्याला ‘समजूतदार’ म्हणणे मला तरी घातक वाटते. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.