न मागितलेली उत्तरं

१९२४ साली हार्वर्ड विद्यापीठातले मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक हे दोन संशोधक कीटकांच्या शरीरात कोणकोणते सूक्ष्मजीव राहतात याचा शोध घेत होते. क्युलेक्स या अगदी सामान्य डासाच्या बीजांडांत त्यांना एक जिवाणू दिसला. त्याच्यामुळे माणसाला रोग होत नव्हता, डासालाही त्याचा काही जाच दिसत नव्हता. बारा वर्षांनी हर्टिग यांनी त्याचं रीतसर वर्णन छापलं, सहकाऱ्याच्या नावावरून त्याचं नाव वोल्बाकिया ठेवलं, आणि पुढे बराच काळ त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. याचा उपयोग काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर 'काही नाही' हेच खरं उत्तर होतं.

२०२१ साली इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथल्या गाजा माडा विद्यापीठाच्या आदि उतारिनी आणि ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून ती केली होती. शहराचे २४ भाग पाडून त्यांतल्या १२ भागांत वोल्बाकिया असलेले डास सोडले होते, उरलेल्या १२ भागांत नाही. कुठले भाग घ्यायचे हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता दैवावर सोपवलं होतं. ताप आला म्हणून दवाखान्यात आलेल्या आठ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी निघालं, आणि डेंग्यूमुळे रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांनी. जगातली जवळपास निम्मी लोकसंख्या या रोगाच्या टप्प्यात आहे आणि त्याच्या विषाणूवर नेमकं औषध नाही, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं.

मधल्या ९७ वर्षांत काय घडलं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण विद्यापीठातलं संशोधन जगाच्या कामी कसं येतं हे त्यातून जितकं दिसतं तितकं कुठल्याही अहवालातून दिसत नाही.

१९७१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत जेनिस येन आणि राल्फ बार यांनी एक जुनं कोडं सोडवलं. काही क्युलेक्स डासांचं एकमेकांशी मीलन घडवलं की अंडी फुटतच नसत. त्यांनी दाखवून दिलं की ही करामत वोल्बाकियाची आहे. नरात जिवाणू असेल आणि मादीत नसेल तर अंडी वाया जातात. मादीत असेल तर मात्र नर कसाही चालतो, अंडी फुटतात, आणि आईकडून तो जिवाणू पुढच्या पिढीत उतरतो. थोडक्यात, जिवाणू बाळगणाऱ्या माद्यांचाच वंश वाढत जातो आणि काही पिढ्यांत डासांची सगळी वस्ती त्याच्या ताब्यात जाते. औषध न फवारता, दरवर्षी नव्याने खर्च न करता आपोआप पसरणारी गोष्ट! फक्त एकच पंचाईत होती. कीटकांच्या साधारण निम्म्या जातींमध्ये सापडणारा हा जिवाणू डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात मात्र निसर्गतः नसतो.

तो तिथे घुसवायचा ध्यास ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट ओनील यांनी घेतला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत, फळमाश्यांवरच्या संशोधनात, वोल्बाकियाचा एक असा वाण हाती लागला होता की ज्याच्यामुळे माशी अकाली मरते. ओनील यांनी त्यावर गणित मांडलं. मादीने रुग्णाचं रक्त प्यायल्यानंतर डेंग्यूचा विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे रोग पसरवते ती वय झालेली मादी. मग डासांना म्हातारपणच येऊ दिलं नाही तर?

कल्पना सुटसुटीत, काम महाकठीण. माशीतला जिवाणू डासाला मानवेना. तो आधी डासाच्या पेशींमध्ये, काचेच्या भांड्यांत, वर्षानुवर्षं वाढवून सरावाचा करून घ्यावा लागला. मग एक मिलिमीटरही लांब नसलेल्या अंड्यांत, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक सुईने तो टोचायचा. अशी हजारो अंडी टोचावी लागली. २००९ साली क्वीन्सलँड विद्यापीठात हे जमलं, आणि हे काम प्रामुख्याने एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने केलेलं होतं. प्रयोगशाळेतल्या अशा वेठबिगारीबद्दल विज्ञानाच्या गौरवग्रंथांत फारसं लिहिलं जात नाही. पुढे डासांच्या माद्या जगवण्यासाठी तिथल्या माणसांनी स्वतःचे हात पिंजऱ्यात घालून त्यांना रक्त पाजलं, हेही असंच अनुल्लेखित राहतं.

एवढं करून मूळ कल्पना फसली. अल्पायुषी डास बाहेर सोडले तेव्हा त्यांचा निभाव लागेना. साध्या डासांपुढे ते मागे पडत आणि काही काळाने नाहीसे होत. पण दरम्यान वेगळंच काही उजेडात आलं होतं. २००८ मध्ये फळमाश्यांवर काम करणाऱ्या दोन गटांना दिसलं की वोल्बाकिया असलेल्या माश्या विषाणूंना दाद देत नाहीत. डासांत तपासलं तर तिथेही तेच! जिवाणू असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढतच नाही. मग डासाचं आयुष्य कमी करण्याची गरजच उरली नाही. त्याला फारसा त्रास न देणारा सौम्य वाण निवडला, तो २०११ मध्ये केर्न्स शहराजवळच्या दोन वस्त्यांमध्ये सोडला आणि तो तिथे रुजला. मात्र त्याआधी बराच काळ घरोघरी जाऊन लोकांशी बोलण्यात गेला होता. 'तुमच्या अंगणात आम्ही आणखी डास सोडणार आहोत' हे वाक्य पटवून देणं जीवशास्त्राच्या आवाक्यातलं काम नाही; तिथे समाजशास्त्राची माणसंच लागतात.

हेही काम पुरं झालेलं नाही. हा सौम्य वाण तीव्र उष्णतेत डासाच्या शरीरातून ओसरतो, म्हणून मलेशियात क्वालालंपूरमध्ये उष्णता जास्त सोसणारा दुसरा वाण वापरून पाहिला गेला.

आता या साखळीतला कुठला दुवा एखाद्या कंपनीने पैसे देऊन करवून घेतला असता? १९२४ चा नक्कीच नाही. १९७१ चाही नाही. फळमाशीचं आयुष्य तर डेंग्यूच्या कुठल्याही आराखड्यात बसणारं नव्हतं. सरकारच्या आरोग्य खात्याला याच हंगामात उत्तर हवं असतं आणि ते रास्तच आहे. ज्या प्रश्नाला आज गिऱ्हाईक नाही तो दहा-वीस वर्षं अंगाखांद्यावर वागवायची मुभा मुख्यतः विद्यापीठातच मिळते. माझ्या मते जागतिक संकटांच्या संदर्भात विद्यापीठांचा खरा वाटा हाच. अर्थात असे बहुतेक प्रश्न कुठेच पोहोचत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. अडचण एवढीच, की कुठला पोहोचेल हे आधी कळत नाही.

कधी कधी विद्यापीठ उत्तर देत नाही, तर कुणाच्या गावीही नसलेला प्रश्न दाखवून देतं. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत मारियो मोलिना नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ शेरवुड रोलंड यांच्याकडे रुजू झाला. रोलंड यांच्या डोक्यात एक साधी शंका होती. फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू कशाशीच अभिक्रिया करत नाहीत, पाण्यात विरघळत नाहीत; मग हवेत गेल्यावर त्यांचं पुढे होतं काय? दोघांनी हिशेब केला. हे वायू हळूहळू फार उंचावर जातात, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतात, आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या सुमारे लाखभर रेणूंचा फडशा पाडतो. सूर्याच्या घातक किरणांपासून सजीवांचं रक्षण करणारा थर आपण आपल्या हातांनी विरळ करतो आहोत. जून १९७४ मध्ये हा निबंध छापून आला. ते वायू बनवणाऱ्या उद्योगाने अर्थातच कडाडून विरोध केला.

हे सगळं गणितावर उभं होतं. डोळ्यांना दिसणारा पुरावा १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी दिला. ही काही विद्यापीठाची संस्था नव्हे. तिच्या हॅली तळावर १९५७ पासून ओझोनची मोजणी चालू होती, आणि त्या मोजणीत अंटार्क्टिकावरच्या वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटत चालल्याचं दिसलं. १९८७ मध्ये या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी मॉन्ट्रिअल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या. ओझोन थर आता हळूहळू भरून येतो आहे. शिवाय हे वायू उष्णता धरून ठेवण्यातही जबरदस्त असल्याने, ते थांबवल्यामुळे पृथ्वीची बरीच तापवाढ टळली. तो फायदा शोधणाऱ्यांनी मागितलेलाही नव्हता.

विद्यापीठातून बाहेर पडते ती माहितीच असते असं नाही, माणसंही बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८० च्या दशकात सौरघटाची एक नवी रचना केली. घटाच्या पाठीवर असा थर द्यायचा की विजेचे वाहक तिथे वाया जाणार नाहीत आणि निसटू पाहणारा प्रकाश पुन्हा आत परतेल. तेव्हा ती प्रयोगशाळेतली महागडी हौस होती. पण तिथे शिकलेले विद्यार्थी पुढे चीनमधल्या सौर उद्योगात गेले. त्यांतले शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये सनटेक ही कंपनी काढली. काही वर्षांपूर्वीपर्यंत जगात तयार होणारी बहुतेक सौर पॅनेल याच रचनेची होती. निव्वळ निबंध वाचून कुणी कारखाना उभा करू शकत नाही. हाताला वळण लागावं लागतं, आणि ते प्रयोगशाळेत बसूनच लागतं.

आणि हातातलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवणंही यावं लागतं. भाताचं शेत आठवडाभराहून जास्त पाण्याखाली राहिलं की पीक बहुधा हातचं जातं. ओडिशातल्या एका जुन्या वाणात मात्र दोन आठवडे तग धरायची ताकद होती, पण त्याचं उत्पन्न बेताचंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या आणि फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून त्या गुणाचा माग काढला आणि २००६ मध्ये त्यामागचं जनुक नक्की केलं. मग नेहमीच्याच संकर पद्धतीने, पण प्रत्येक पिढीत ते जनुक उतरलं की नाही हे तपासत, ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणलं. स्वर्णा-सब१ २००९ मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. विद्यापीठाचं काम जनुकापाशी संपलं. बियाणं बांधापर्यंत गेलं ते सरकारी यंत्रणा, बियाणं मंडळं आणि गावपातळीवरच्या संस्थांमुळे.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असं काम ओळखण्यात खुद्द विद्यापीठंच अनेकदा कमी पडतात. कातालिन कारिको पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायच्या सूचना पोहोचवणाऱ्या रेणूवर, काम करत होत्या. अनुदान मिळेना म्हणून १९९५ मध्ये त्यांची पदावनती झाली. पुढे झेरॉक्स मशीनपाशी त्यांची ड्रू वाइसमन यांच्याशी गाठ पडली. बाहेरून टोचलेला आरएनए शरीर शत्रू समजतं, या अडचणीवर दोघांनी २००५ मध्ये तोडगा काढला. आरएनएच्या चार मूळ घटकांपैकी एक किंचित बदलला की शरीर त्याला बिनतक्रार आत घेतं. त्या निबंधाकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. कोविडच्या साथीत अब्जावधी लशी याच युक्तीवर बनल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. 'तुमच्या संशोधनाचा समाजाला येत्या पाच वर्षांत काय लाभ?' या छापाचा रकाना आता बहुतेक अनुदानाच्या अर्जांत असतो. १९९५ मध्ये तो रकाना कारिको यांनी प्रामाणिकपणे कसा भरला असता?

सगळ्यांत जास्त हाल होतात ते कंटाळवाण्या कामाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतल्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पहिली नोंद दहा लाख भागांत ३१३ भाग अशी होती. आज तो आकडा ४२० च्या वर आहे, आणि हवामानबदलाची चर्चा ज्या आलेखावरून सुरू होते तो हाच. पण रोज तेच मोजण्यात नवीन शोध काय, असं निधी देणाऱ्यांना सारखं वाटत राहिलं. १९६४ मध्ये पैशाअभावी काही महिने मोजणी बंद पडली; आलेखात ती फट अजून आहे. कीलिंग २००५ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे पुत्र राल्फ यांनी ते काम हाती घेतलं. २०१३ च्या अखेरीस त्यांना मोजणी चालू ठेवण्यासाठी सर्वसामान्य लोकांकडे छोट्या छोट्या देणग्यांचं जाहीर आवाहन करावं लागलं.