प्लास्टिकचं कार्ड नसेल तर गोल्ड नाही?

‘भागीदार एअरलाइनने जाताय? मग गोल्ड कार्ड खिशात ठेवा, नाहीतर काउंटरवर कुणी विचारणार नाही.’ वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांना एअरलाइन जो ‘गोल्ड’ दर्जा देते, त्याबद्दलचा हा सल्ला अजूनही फिरतो. तो आता जुना झाला.

तुमचा दर्जा ठरतो बुकिंगमधल्या फ्रीक्वेंट फ्लायर नंबरवरून, म्हणजे एअरलाइनच्या नियमित प्रवाशांसाठीच्या कार्यक्रमातल्या तुमच्या सदस्य क्रमांकावरून. नंबर नीट जोडलेला असेल तर भागीदाराच्या सिस्टिमला तुमचा दर्जा दिसतो आणि बोर्डिंग पासवर छापून येतो. भागीदार एअरलाइन्सच्या गटानुसार त्याचं नाव बदलतं: स्टार अलायन्समध्ये ‘गोल्ड’, वनवर्ल्डमध्ये ‘सफायर’ किंवा ‘एमराल्ड’, स्कायटीममध्ये ‘एलिट प्लस’. लाउंजच्या दारातला माणूस आधी तेच बघतो.

खरी गडबड वेगळीच असते. माइल्सच्या, म्हणजे प्रवासावर मिळणाऱ्या पॉइंट्सच्या मोहात लोक बुकिंगमध्ये भागीदार एअरलाइनच्या कार्यक्रमातला आपला साधा, दर्जा नसलेला नंबर टाकतात. बोर्डिंग पासवर मग गोल्ड येणार कुठून? दर्जा एका खात्यात आणि माइल्स दुसऱ्यात, असं एकाच नंबरवर जमत नाही. चेक-इनच्या आधी बुकिंग उघडून नंबर तपासा, चुकला असेल तर बदलून घ्या.

कार्ड अगदीच निरुपयोगी नाही म्हणा. पासवर दर्जा छापला गेला नाही, तर तेच कामाला येतं. मात्र बहुतेक ठिकाणी ॲपमधलं डिजिटल कार्डही चालतं. त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. विमानतळाचं वायफाय नेमकं तेव्हाच रुसतं.