मतपेटी ते बेरीज : नव्या लोकशाहीतील निवडणूक हिंसाचाराची पार्श्वभूमी

केनियात डिसेंबर २००७ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक २ लाख ३१ हजार ७२८ मतांच्या फरकाने जिंकल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसे मारली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच पदाच्या निवडणुकीतला फरक २ लाख ३३ हजार २११ मतांचा होता. हरलेला उमेदवारही तोच होता. या वेळी मात्र भांडण न्यायालयात गेले आणि निकाल जाहीर झाल्यापासून तीन आठवड्यांत संपले. लोक एकाएकी शहाणे झाले म्हणून हे घडले, असे सांगणाऱ्यांनी या पंधरा वर्षांतले गणतीचे तक्ते पाहिलेले नसतात.

शीतयुद्ध संपल्यानंतर आलेल्या नव्या लोकशाहींच्या पहिल्या लाटेत हिंसेचे कारण उघडच होते. बंदुका अजून जमा झालेल्या नव्हत्या. अंगोलात १९९२ मध्ये दोन्ही सैन्ये पूर्णपणे विसर्जित होण्याआधीच मतदान उरकले गेले. पहिल्या फेरीत आघाडीच्या उमेदवाराला पन्नास टक्क्यांना किंचित कमी मते पडली. दुसरी फेरी झालीच नाही आणि युद्ध २००२ पर्यंत चालले. मोझांबिकमध्ये १९९४ साली हाच धडा घेऊन क्रम उलटा ठेवला गेला. आधी सैनिकांची घरवापसी झाली, बंडखोरांना राजकीय पक्ष म्हणून उभे राहण्यासाठी पैसा मिळाला आणि त्यानंतर मतदान झाले. त्या काळातला हा क्रमाचा नियम आजही लागू पडतो, पण तो गृहयुद्धातून बाहेर येणाऱ्या देशांपुरता. जिथे दोन सैन्ये नव्हती तिथेही माणसे का मेली, हे त्यातून कळत नाही.

केनियात १९९१ मध्ये बहुपक्षीय राजकारण परतले. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांत रिफ्ट व्हॅली आणि किनारपट्टीत जी कत्तल झाली, ती बहुतांश मतदानाच्या आधीची होती. मतदार यादीत नाव जिथे असेल तिथेच मत देता येते, म्हणून माणसाला गावातून हुसकावले की त्याचे मतही गेले. त्यात १९९२ च्या सुमारास नियम आला की विजयी उमेदवाराला आठपैकी किमान पाच प्रांतांत २५ टक्के मते हवीत. हेतू चांगला होता. एकाच जमातीच्या बळावर कुणी अध्यक्ष होऊ नये. पण प्रत्यक्षात एखाद्या प्रांतातली ‘नको ती’ मते कमी करणे फायद्याचे ठरले. स्वातंत्र्यानंतरच्या जमीनवाटपाची जुनी तक्रार आयतीच हाताशी होती. अशा वेळी हिंसा उत्स्फूर्त नसते. कुणीतरी ट्रक पाठवलेला असतो.

२००७ चे प्रकरण निराळे होते. मतदान २७ डिसेंबरला शांततेत झाले. पुढचे तीन दिवस मतदारसंघात जाहीर झालेले आकडे आणि राजधानीत वाचून दाखवलेले आकडे जुळेनात. काही ठिकाणचे तक्ते येईनात, तर काहींवर खाडाखोड दिसे. ३० तारखेच्या संध्याकाळी निकाल जाहीर झाला, तासाभरात शपथविधी उरकला आणि वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. काही दिवसांनी निवडणूक यंत्रणेच्या प्रमुखानेच, कोण जिंकले हे आपल्याला माहीत नाही, असे सांगून टाकले. नंतरच्या चौकशीनेही तेच म्हटले : गैरप्रकार दोन्ही बाजूंनी इतके झाले होते की खरा विजेता सांगता येणे अशक्य. यादीत सुमारे बारा लाख मृतांची नावे राहिली होती. ज्याच्या बालेकिल्ल्यात दुसऱ्याचा प्रतिनिधी टिकू शकत नव्हता, तिथे ही नावे कामाला आली.

केंद्रावरची पद्धत इथे नीट पाहायला हवी, कारण प्रतिबंधाचे खरे काम तिथेच होते. मतदान संपल्यावर पेटी हलवायची नाही. आधी हिशेब करायचा. मिळालेल्या मतपत्रिका म्हणजे वापरलेल्या, खराब झालेल्या आणि कोऱ्या उरलेल्या यांची बेरीज. ती जुळते का हे पाहून मगच पेटी उघडायची. प्रत्येक मतपत्रिका वर धरून सर्वांना दाखवायची, नाव मोठ्याने वाचायचे आणि गठ्ठे लावायचे. आकडे अंकांत आणि अक्षरांत तक्त्यावर भरायचे आणि सर्व प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. एक प्रत प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि एक दारावर चिकटवायची. दारावरची प्रत क्षुल्लक वाटते, पण तीच महत्त्वाची. एकदा ती लागली की राजधानीत आकडा बदलणाऱ्याला गावातल्या शे-दोनशे माणसांची स्मरणशक्तीही बदलावी लागते.

बिघाड कुठे होतो हेही ठरलेले आहे. केंद्र दोन-तीन तास उशिरा उघडते, त्यामुळे मोजणी अंधारात, कंदिलाच्या उजेडात होते आणि दमलेला केंद्राध्यक्ष बेरीज चुकवतो. चूक दिसली की तो आकडा खोडून वर दुसरा लिहितो, पण शेजारी सही घेत नाही. ती चूक प्रामाणिक असते, पण दुसऱ्या दिवशी तिचा फोटो पुरावा म्हणून फिरतो. मलावीत मे २०१९ च्या तक्त्यांवर पांढरी दुरुस्ती-शाई इतकी सापडली की फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने अख्खी निवडणूक रद्द केली. त्याच निवाड्यात ‘बहुमत’ या शब्दाचाही निकाल लागला. तोपर्यंत सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, असा अर्थ धरला जाई आणि तत्कालीन अध्यक्ष ३८.५७ टक्क्यांवर परत आले होते. न्यायालयाने अर्ध्याहून अधिक मते असा अर्थ लावला. महिनोन्‌महिने रस्त्यावर असलेली निदर्शने जून २०२० च्या फेरनिवडणुकीत विरली.

आता वादाचा मुद्दा. केनियात १ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध दोन मतांनी ८ ऑगस्टची अध्यक्षीय निवडणूक रद्द झाली. या निवाड्यावर आजही एकमत नाही, आणि भांडणाच्या मुळाशी ‘निकाल’ हा एक शब्द आहे. केंद्रावरचा तक्ता म्हणजे नमुना ३४ ए. मतदारसंघात त्यांची बेरीज होते तो ३४ बी आणि देशाची एकूण बेरीज ३४ सी. मग निकाल कुठला? मतदानाच्या आधीच एका निवाड्याने ठरवले होते की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम, राजधानीला तो बदलता येणार नाही. म्हणजे २००७ ची खिडकी बंद झाली. पण ऑगस्टमध्ये पडद्यावर धावणारे आकडे ना ३४ ए होते ना ३४ बी. केंद्रावरून यंत्रात टाइप करून पाठवलेला तो नुसता मजकूर होता. तक्त्याचे छायाचित्र सोबत यायला हवे होते आणि हजारो ठिकाणांहून ते आलेच नाही. ११ हजारांहून अधिक केंद्रांवर नेटवर्क नाही, असे कारण देण्यात आले. ही गोष्ट आधी माहीत असताना पर्यायी जागा का ठरवली नाही, याला उत्तर नव्हते. विजेता जाहीर झाला तेव्हा सर्व ३४ ए हातात आलेलेही नव्हते. न्यायालयाने सर्व्हर पाहू द्या म्हटले, ते पूर्णपणे दाखवले गेले नाहीत.

निवाड्याचे टीकाकार म्हणतात की फरक १४ लाखांहून अधिक मतांचा होता, फेरमोजणी झाली नाही आणि आकडे खोटे असल्याचे सिद्धही झाले नाही. हे खरे आहे. पण बेरजेपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच दाखवायला नकार मिळाल्यावर बेरीज तपासायची कशी? निवाडा बरोबर होता. त्याची किंमत मात्र मोठी होती. घटनेप्रमाणे याचिकेला सात दिवस, निवाड्याला चौदा आणि फेरनिवडणुकीला साठ. साठ दिवसांत यंत्रणा सुधारत नाही. विरोधकांनी बहिष्कार टाकला, २६ ऑक्टोबरला मतदान चाळीस टक्क्यांच्याही आत राहिले आणि पश्चिमेकडच्या चार जिल्ह्यांत तर केंद्रेच उघडू शकली नाहीत. त्या वर्षी मेलेले बहुतेक जण पोलिसांच्या हातून मेले. २००७-०८ मध्येही एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू गोळीचे होते. ‘निवडणूक हिंसा’ म्हटले की डोळ्यांसमोर कोयते घेतलेला जमाव येतो, पोलीस येत नाहीत.

म्हणूनच शांततेच्या मोहिमांबद्दल थोडी शंका बाळगावी. केनियात २०१३ मध्ये मतदार ओळखण्याची यंत्रे बंद पडली, निकाल पाठवण्याची व्यवस्था कोसळली आणि तरी फारसे रक्त सांडले नाही. पण त्या वेळी वाहिन्यांनी प्रश्न विचारणेच सोडले होते. प्रश्न विचारणारा शांतता बिघडवतो, अशी हवा होती. ती तुंबलेली शंका २०१७ मध्ये बाहेर पडली.

मोजणीचा समांतर मार्ग याहून उपयोगी ठरला. त्यात देशभरातल्या केंद्रांतून यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडतात. तिथे प्रशिक्षित निरीक्षक शेवटपर्यंत बसतो, मोजणी झाल्यावर आकडा संदेशाने पाठवतो आणि त्यावरून देशाचा अंदाज ठरावीक त्रुटीमर्यादेत निघतो. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये नागरिकांची स्वतंत्र मोजणी चालू होती म्हणून सरकारी पडद्यावरचे आकडे उघडे पडले, आणि सरकारी केंद्रातले संगणकचालकच उठून बाहेर गेले. घानात २००८ ची दुसरी फेरी जेमतेम चाळीस हजारांच्या फरकाने सुटली. तिथेही समांतर मोजणीचा आकडा तयार असल्याने हरलेल्या बाजूला आरोपाला फारशी जागा उरली नाही. फरक त्रुटीमर्यादेच्या आत आला तर मात्र ही पद्धत विजेता सांगू शकत नाही. हे आधीच जाहीर करावे लागते, नाहीतर तीच भांडणाचे कारण होते.

निकाल सांगणारे तोंड एकच असावे, हा नियम आयव्हरी कोस्टने २०१० मध्ये महागात शिकवला. निवडणूक यंत्रणेने एकाला ५४ टक्के दिले. घटनात्मक संस्थेने उत्तरेतील मते बाद करून दुसऱ्याला ५१ टक्क्यांवर आणले. दोन शपथविधी झाले आणि सुमारे तीन हजार माणसे मेली.

२०२२ मध्ये केनियाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे ३४ ए सर्वांना पाहता येतील असे खुले केले. दोन दिवसांत बहुतेक सगळे आले. वृत्तपत्रे, पक्ष, विद्यार्थी, ज्याला हवे त्याने बेरीज केली. अखेरच्या क्षणी निवडणूक यंत्रणेच्याच सातपैकी चार सदस्यांनी निकाल नाकारला. टक्क्यांची बेरीज १००.०१ होते, म्हणजे १ लाख ४२ हजार मतांची गडबड, असे ते म्हणाले. १ कोटी ४२ लाखांचा ०.०१ टक्का म्हणजे १,४२० मते, हे लोकांनी तासाभरात दाखवून दिले. तक्ते उघडे नसते तर हाच आकडा रस्त्यावर आला असता.

हे सूत्र सगळीकडे चालतेच असे नाही. नायजेरियात २०११ चे मतदान आधीच्यांपेक्षा बरे झाले, तरी निकालानंतर तीन दिवसांत उत्तरेत आठशेच्या आसपास माणसे मेली. २०१५ मध्ये तिथे पराभूत अध्यक्षाने अंतिम घोषणेच्या आधीच प्रतिस्पर्ध्याला अभिनंदनाचा फोन केला आणि देश वाचला, पण फोनची सक्ती कुठल्या नियमात लिहिता येत नाही. तक्ते संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती लिहिता येते. २५ फेब्रुवारी २०२३ ला संसदेच्या जागांचे तक्ते तिथे वर चढले, अध्यक्षपदाचे त्याच केंद्रांवरून त्या दिवशी चढले नाहीत. ते टाकू, असे निवडणुकीआधी लोकांना वारंवार सांगण्यात आले होते. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा निष्पन्न झाले की कायद्यात तशी सक्ती कुणी लिहिलेलीच नव्हती.