पायवाट कुठली आणि ओघळ कुठला?

पुण्यातली वेताळ टेकडी असो, तळजई असो, गवतातून वर जाणाऱ्या प्रत्येक उघड्या पट्ट्याला आपण पायवाट म्हणतो. त्यातले बरेचसे ओघळ असतात, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पायवाट उताराला तिरकी चढते. तिची बाहेरची कड किंचित खाली असते, म्हणून पावसाचं पाणी तिला ओलांडून गवतात उतरतं. ओघळ मात्र नाकासमोर सरळ खाली येतो. मध्ये खोलगट, तळाला सुटा मुरूम, कडेच्या झाडांची मुळं उघडी, पायथ्याशी खड्यांचा पसरट थर. तुडवलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते वाहताना माती नेतं, खडे तेवढे उरतात. खड्यांवर पाय घसरतो, म्हणून माणसं शेजारच्या गवतावरून चालतात आणि पट्टा रुंदावत जातो.

पायवाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा: उतार 20 टक्के असेल, तर वाट 10 च्या आत. पाणी वाटेवरूनच धावत असेल, तर साधारण 45 अंशांत दगडांची तिरकी ओळ लावावी, दगड दोन तृतीयांश गाडून. काटकोनात लावली की मागे गाळ साचतो आणि पाणी कडेने वाट कापतं.

ओघळात आधी वरच्या तोंडाशी पाणी वळवायचं. मग माथ्याकडून पायथ्याकडे छोटे अनगड (न घडवलेल्या, नुसत्या रचलेल्या दगडांचे) बांध, वरच्याचा पाया आणि खालच्याचा माथा एका पातळीत. बांध मध्यभागी सखल ठेवावा, नाहीतर पाणी दोन्ही काठ पोखरतं. हे काम वनखात्याच्या परवानगीनेच करावं.

उत्साही श्रमदान फसतं ते पुढे. ओघळात खड्डे घेऊन रोपं लावली, तर भुसभुशीत केलेली माती पहिल्याच जोरदार पावसात रोपासकट जाते. तिथे आधी गवत हवं. मृग लागायच्या सुमारास कुसळी, पवन्या, डोंगरी यांचं बी पसरून वर बोरी-बाभळीच्या वाळक्या फांद्या अंथराव्यात. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) ओल्या फांद्या कृपा करून नकोत: त्या रुजतात, आणि टेकड्यांवर गिरिपुष्प आधीच उदंड आहे. तित्तर जमिनीवर गवताच्या आडोशाने घरटं करतो, त्याला हे गवतच लागतं.

माणसांची ये-जा थांबावी म्हणून काटे ओघळाच्या दोन्ही तोंडांना घाला. फक्त खालून बंद केलात, तर वरून उतरणारा माणूस अर्ध्यावर अडतो आणि बाजूचं गवत तुडवत नवा पट्टा पाडतो.