वाचनशिक्षणातील समान संधी

सार्वजनिक शाळेत आलेले प्रत्येक मूल, घरची परिस्थिती आणि बोली कोणतीही असो, सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत समजून वाचू लागावे यासाठी शाळेने करायची व्यवस्था. मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याने (१९४८, कलम २६) प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे असे म्हटले. पण पटावर नाव असले म्हणजे वाचता येते असे नाही. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असा जागतिक बँकेचा २०१९ चा अंदाज होता.

वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन म्हणजे लिपीची उकल (अक्षरांवरून शब्द वाचता येणे) गुणिले भाषेची समज. एक बाजू शून्य असेल तर फळही शून्य. वर्गात हे लगेच दिसते. एखादे मूल चित्राशेजारचे ‘कमळ’ धडाधडा वाचते. चित्र झाकले की अडते. दुसरे अक्षर अक्षर जुळवत वाक्य पुरे करते, पण काय वाचले ते त्याला सांगता येत नाही. पहिल्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पक्की करून द्यावी लागते, दुसऱ्याला गोष्टी, गप्पा आणि भरपूर शब्द हवे असतात. दोघांना एकच धडा एकाच गतीने देणे म्हणजे समान संधी नव्हे. मुलाच्या घरची भाषा वेगळी असेल तर भाषेच्या समजेची बाजू आणखी लंगडी पडते. सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सुचवले होते.

अमेरिकेतील शाळांमधल्या समान संधीची पाहणी करणाऱ्या कोलमन अहवालात (१९६६) मुलांच्या यशावर शाळेपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रभाव जास्त दिसला. शाळांच्या हाती फारसे काही नाही, असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला. तो अपुरा आहे: चांगल्या शिक्षकाचा फरक वंचित मुलांनाच अधिक पडतो, हेही त्याच अहवालात होते. ज्या घरात पुस्तक नाही, तिथल्या मुलासाठी वाचन शिकण्याची जागा शाळाच. म्हणून सर्वांत कसलेले शिक्षक पहिली-दुसरीला हवेत.

प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला लावणे ही सर्वांत उपयोगी चाचणी. नजर व श्रवण तपासणीही लवकर व्हावी. पातळीनुसार केलेले गट तात्पुरते असावेत आणि दर काही आठवड्यांनी नव्याने पाडावेत, नाहीतर मागच्या गटातले मूल वर्षानुवर्षे तिथेच अडकते.